पडद्याआडची भाषा

नाटक पाहून घरीं परतणारा प्रेक्षक नाटककाराच्या भाषेची वाखाणणी करतो, नटाच्या वाणीविषयीं बोलतो, एखाद्या पदाची लकेर गुणगुणतो. परंतु त्याच रात्रीं त्याच रंगभूमीवर दुसरी एक भाषा अखंड बोलली जात होती, याची त्याला वार्ताही नसते. ही भाषा पडद्याआडची. तिच्यांत अलंकार नाहींत, समास नाहींत, भूतकाळ तर मुळींच नाहीं. तिचीं बहुतेक क्रियापदें आज्ञार्थी असतात, आणि प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेपर्यंत ती पोहोंचूं नये हाच तिचा मोठा गुण. कवीची भाषा चांगली कीं वाईट हें ठरविण्यास टीकाकार लागतात. हिला ते लागत नाहींत. शब्द योग्य असला म्हणजे दोर हलतो, दिवा पेटतो, नट प्रवेश करितो. अयोग्य असला तर त्याचा निकाल सर्व प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत तत्काळ लागतो. भिवंडीच्या हौशी नाटकमंडळींत नाटकाची वही हातीं धरून विंगेंत उभें राहण्याचा योग आम्हांस पुष्कळ वर्षें आला. त्या अंधारांत ऐकलेल्या शब्दांविषयीं चार विचार वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

प्रथम आपल्या जुन्या घराकडे वळूं. भरताच्या नाट्यशास्त्रांतील दुसऱ्या अध्यायांत नाट्यगृहाचीं मापें दिलीं आहेत. मध्यम प्रतीचें विकृष्ट नाट्यगृह ६४ हात लांब व ३२ हात रुंद असावें. त्याचा अर्धा भाग प्रेक्षकांचा व अर्धा रंगाचा. आणि या दुसऱ्या अर्ध्यांतलाही मागचा अर्धा नेपथ्यगृहाचा. म्हणजे सबंध इमारतीचा चौथा हिस्सा, जें कोणी पाहावयाचें नाहीं त्यासाठीं राखून ठेविलेला! या नेपथ्यगृहास रंगाकडे उघडणारीं दोन दारें, आणि त्या दोन दारांच्या मधोमध वाद्यें वाजविणारांची बैठक. संस्कृत नाटकांत पानोपानीं ‘नेपथ्ये’ अशी जी सूचना आढळते तिचा अर्थ एवढाच कीं पुढचें वाक्य त्या खोलीतून ऐकूं यावें. शास्त्रकारांनीं तर आंतून येणाऱ्या या वाणीला ‘चूलिका’ असें स्वतंत्र नांव देऊन विष्कंभक, प्रवेशक यांच्या पंक्तीस तिला बसविलें. घाईनें, पडदा झुगारून येणाऱ्या पात्रासाठीं ‘अपटीक्षेपेण’ ही निराळी सूचना. पडद्याला यवनिका म्हणत, यावरून आपली रंगभूमि ग्रीकांकडून आली असावी असा तर्क गेल्या शतकापूर्वींच्या युरोपीय पंडितांनीं लढविला. परंतु त्या काळच्या ग्रीक रंगभूमीस असा पडदाच नव्हता, असें उत्तर त्याला मिळालें. यवन देशांतून येणाऱ्या कापडावरून तें नांव पडलें असावें असें कांहींचें म्हणणें, तर मूळ शब्द ‘जवनिका’ असून तो वेगवाचक धातूपासून झाला असें इतरांचें. कापडाच्या गांवांत राहणाऱ्या आम्हांला यांतलें पहिलें मत अर्थातच अधिक जवळचें वाटतें.

या ‘नेपथ्य’ शब्दाचा पुढचा प्रवास मोठा चमत्कारिक आहे. मूळ अर्थ वेष आणि वेष चढविण्याची जागा. म्हणजे जें झांकलेलें तें. मराठींत आज नेपथ्यकार म्हणजे दिवाणखान्याच्या भिंती, खिडक्या, जिने उभे करणारा गृहस्थ. म्हणजे पडदा उघडतांच जें सर्वांत आधीं दिसतें तें नेपथ्य! वेष चढविण्याच्या खोलीला आपण ‘रंगपट’ म्हणूं लागलों आणि मोकळा झालेला शब्द पुढें येऊन प्रकाशांत उभा राहिला. तेलुगूंत मात्र तो अद्याप आंतच आहे. तेथें ‘नेपथ्य गायकुडु’ म्हणजे चित्रपटांत नटाच्या ओंठांआडून गाणारा गायक, ज्याला आपण पार्श्वगायक म्हणतों तो. आमच्या एका प्रयोगाची जाहिरात वाचून पद्मनगरांतील एका तेलुगू विणकरानें विचारलें होतें कीं, नाटकांत गाणीं किती आहेत? नाटक गद्य होतें. परंतु जाहिरातींत ‘नेपथ्य’ या शब्दापुढें एका गृहस्थाचें नांव छापलेलें पाहून त्यानें तो गवई ठरविला होता, आणि त्याच्या भाषेच्या हिशेबानें तें अगदीं बरोबर होतें.

भिवंडीची ओळख नसणाऱ्या वाचकांसाठीं दोन शब्द लिहिले पाहिजेत. ठाणें जिल्ह्यांतील हा गांव कामवारी नदीकांठीं वसलेला असून यंत्रमागांसाठीं प्रसिद्ध आहे. उत्तर हिंदुस्थानांतून आलेले मोमीन विणकर येथें पिढ्यान्‌पिढ्या राहतात, त्यांची भाषा उर्दू. तेलंगणांतून आलेले पद्मशाली विणकर घरीं तेलुगू बोलतात. कोंकणी मुसलमानांची बोली आणखी निराळी. सुताच्या व कापडाच्या पेढ्यांवर गुजराती व मारवाडी ऐकूं येते. आणि सभोंवतालच्या खेड्यांत आगरी व कोळी मंडळींची ठसकेदार मराठी. मराठींत ज्याला माग म्हणतात त्याला तेलुगूंत ‘मग्गम्’ म्हणतात. कारखान्यांत एकदां माग सुरू झाले म्हणजे त्या खडखडाटांत जवळ उभ्या असलेल्या माणसाचा शब्दही ऐकूं येत नाहीं. म्हणून कामकरी हातांनीं बोलतात. धागा तुटला, कांडी संपली, मुकादम येत आहे, चहा आला, या सर्वांस खुणा आहेत. कारखान्यांत गोंगाटामुळें जें घडतें तेंच रंगभूमीच्या पाठीमागें शांततेमुळें घडतें, हें आमच्या लक्षांत पुष्कळ उशिरां आलें. पडद्याच्या दोरीवर, दिव्यांपाशीं, सामानापाशीं काम करण्यास जी माणसें आम्हांस मिळत तीं बहुधा याच कारखान्यांतून सुटून आलेलीं असत. आणि खुणेचा माणूस म्हणून त्यांच्यासारखा तयार माणूस शहरांतल्या नाट्यगृहांतही मिळणें कठीण.

शब्दानें इशारा देण्याची गरज रंगभूमीला सदैव होतीच असें नाहीं. कर्नाटकांतल्या यक्षगानांत भागवत पद्यें म्हणतो व पात्रें त्याच्या आधारानें नाचतात, बोलतात. १८४२ च्या सुमारास कानडी भागवत मंडळी सांगलीस आली, आणि श्रीमंत चिंतामणराव पटवर्धनांच्या आज्ञेवरून विष्णुदास भाव्यांनीं १८४३ सालीं ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलें. त्या नाटकांत सूत्रधार पद्यें गाई आणि पात्रें प्रसंगानुरूप आपलीं भाषणें स्वतःच जुळवून बोलत. दक्षिण कोंकणच्या दशावतारी खेळांतही भाषण लिहिलेलें नसतें. जेथें भाषण लिहिलेलेंच नाहीं तेथें तें विसरणार कोण, आणि आठवण देणार कोण? १८६१ सालीं विनायक जनार्दन कीर्तन्यांचें ‘थोरले माधवराव पेशवे’ हें स्वतंत्र गद्य नाटक आलें. मागाहून अशीं पुस्तकी नाटकें वाढत गेलीं. आणि पुस्तकाबरोबर पुस्तक धरणारा माणूसही विंगेंत येऊन उभा राहिला. सूत्रधार पुढून मागें गेला असें म्हटल्यास चालेल. आजच्या मराठी नाटकांच्या जाहिरातींत ‘सूत्रधार’ म्हणून ज्याचें नांव असतें तो नांदी म्हणत नाहीं; सबंध प्रयोगाची व्यवस्था तो पाहतो. सूत्र मात्र त्याच्या हातून सुटलेलें नाहीं. आपला ‘सुतार’ही याच शब्दाचा वंशज, आणि तोही आतां पडद्याआडच.

प्रत्येक नटाला त्याच्या भाषणांपुरता जो कागद उतरून देत त्याला मराठी नाटकमंडळ्यांत ‘नक्कल’ म्हणत, आणि ‘नक्कल चोख आहे’ ही नटाची मोठी शिफारस असे. इंग्लंडांतही हीच रीत होती. शेक्सपिअरच्या काळचा प्रख्यात नट एडवर्ड अ‍ॅलेन याची ऑर्लँडोच्या भूमिकेची नक्कल डलिच येथील कॉलेजांत अद्याप जपून ठेविली आहे. तींत त्याचीं स्वतःचीं भाषणें तेवढीं पूर्ण. दुसऱ्याच्या भाषणांतले शेवटचे दोनतीन शब्द, कीं जे कानीं पडतांच आपण बोलावयाचें. भूमिकेस जो ‘रोल’ शब्द आहे तो अशा गुंडाळीवरूनच आलेला आहे. शेवटच्या त्या शब्दांना इंग्रजींत ‘क्यू’ म्हणतात. कोणी म्हणतात, जुन्या नकलांत ‘केव्हां’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाचें आद्याक्षर लिहीत त्यावरून हें नांव पडलें. कोणी तें शेंपटीच्या अर्थाच्या फ्रेंच शब्दाकडे नेतात. आम्हांला शेंपूट पटतें. ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’ मधील नवशिका फ्लूट आपलें सगळें भाषण शेंपटांसकट एका दमांत म्हणून टाकतो व त्याबद्दल बोलणी खातो, हें वाचकांस स्मरत असेलच. तसले फ्लूट आम्ही प्रत्येक वर्षीं एकदोन तरी पाहिले आहेत.

आठवण देणाऱ्या माणसाला निरनिराळ्या लोकांनीं दिलेलीं नांवें पाहिलीं म्हणजे त्या कामाच्या निरनिराळ्या बाजू दिसतात. फ्रेंच त्याला ‘सूफ्लर’ म्हणजे फुंकर घालणारा म्हणतात, आणि जर्मनांनीं व रशियनांनीं तोच शब्द उचलला. इटालियन त्याला सुचविणारा म्हणतात. परंतु त्यानें दिलेल्या शब्दाला त्यांनीं जें नांव ठेविलें आहे त्याचा अर्थ पक्षिणीनें पिलाच्या चोंचींत घातलेला घांस! भाषण आठवेनासें होऊन दिव्यांच्या झोतांत तोंड उघडें टाकून उभा असलेला नट ज्यानें विंगेंतून पाहिला आहे त्याला या नांवाचें मर्म सांगावें लागणार नाहीं. आपण मात्र ‘प्राँप्टर’ हाच शब्द घेतला व ठेविला. भाषाशुद्धीच्या चळवळीच्या काळांत ‘दिग्दर्शक’, ‘मध्यंतर’, ‘बोलपट’ यांसारखे सुंदर शब्द रूढ झाले. परंतु विंग, फ्लॅट, ड्रॉप, प्राँप्टर हे जागचे हलले नाहींत. याचें कारण आमच्या मतें असें कीं, पहिले शब्द छापण्याचे होते आणि दुसरे कुजबुजण्याचे. छापील शब्द बदलण्यास खिळे बदलले कीं झालें. कुजबुजलेला शब्द बदलावयाचा तर दोरीवरच्या हाताची संवय बदलावी लागते.

आतां उर्दूकडे पाहूं. ‘तालीम’ हा अरबी शब्द; अर्थ शिक्षण. उर्दूंत तो शाळेंत राहिला. मराठींत तो प्रथम आखाड्यांत गेला व तेथून नाटकांत शिरला. आमच्या मंडळींतील दिवेवाला, उर्दू शाळेंत शिकलेला जुन्या वळणाचा गृहस्थ, ‘आज तालीम आहे’ असा निरोप ऐकून पहिल्या दिवशीं म्हणाला होता, “साहेब, या वयांत आतां कसली तालीम?” ‘नक्कल’ म्हणजे त्याच्या लेखीं कोणाची तरी उडविलेली थट्टा अथवा परीक्षेंतली चोरी. ‘तमाशा’ म्हणजे कोणताही देखावा किंवा बखेडा. त्याला गण, गवळण आणि वग असतो हें त्याला आमच्याकडून कळलें. उलट ‘पडदा’ हा त्याचा शब्द आपण इतका आपलासा केला आहे कीं, जो पडतो तो पडदा असेंच मराठी मुलाला वाटतें. फारसी ‘पर्दा’ त्याच्या मुळाशीं आहे हें सांगावें लागतें.

असे शब्द भिन्न अर्थानें नांदत असले तरी दिवसाउजेडीं त्यांपासून उपद्रव होत नाहीं. घोटाळा होतो तो अंधारांत. एका वर्षीं आमच्या नाटकांत वादळाचा प्रवेश होता. वाऱ्याच्या आवाजासाठीं लांकडी पट्ट्यांच्या पिंपावर किंतान ताणून तें हातानें फिरविण्याचें जुनें यंत्र तयार केलें होतें, आणि तें फिरविण्याचें काम एका तेलुगू विणकराकडे होतें. सर्वजण त्याला अण्णा म्हणत. प्रयोगाच्या रात्रीं वारा उत्तम सुरू झाला. व्यवस्था पाहणाऱ्या तरुणाला तो आणखी वाढावा असें वाटलें, म्हणून त्यानें अंधारांतून हलकेच सांगितलें, “चालू, चालू!” आणि वारा बंद पडला. रंगभूमीवर नायिका, वाऱ्यापुढें कांहीं ऐकूं येत नाहीं म्हणून जिवाच्या आकांतानें ओरडत होती, आणि प्रेक्षागृहांत टांचणी पडली तरी ऐकूं येईल अशी शांतता! मग हशा पिकला. तो प्रवेश पुन्हा सांवरला नाहीं.

अंक संपल्यावर तरुण धांवत आला. “अण्णा, थांबलात कां?” अण्णा शांतपणें म्हणाला, “तुम्हीच सांगितलेंत ना, पुरे, पुरे. दोनदां सांगितलेंत.” तेलुगूंत ‘चालु’ म्हणजे पुरे. उच्चारांत म्हणण्यासारखा फरक नाहीं. दंततालव्य ‘च’ देखील तोच. वास्तविक अण्णा भिवंडींत तीसपस्तीस वर्षें राहिलेला. मराठी ‘चालू’ त्याला रोज कारखान्यांत कानीं पडे आणि तो स्वतःही वापरी. परंतु घाई असली, अंधार असला, बोलणाऱ्याचा चेहरा दिसत नसला, म्हणजे कान शिकलेली भाषा सोडून आईच्या भाषेकडे धांव घेतो. दोघांपैकीं चुकला कोणीच नव्हता. एकानें शुद्ध मराठी बोललें, दुसऱ्यानें शुद्ध तेलुगू ऐकलें.

त्या रात्रीं प्रयोग आटोपल्यावर चहा घेतां घेतां आम्हीं आमच्या मंडळींतले सगळे इशारे एकेक करून अण्णाला व दिवेवाल्याला म्हणून दाखविले आणि तुमच्या भाषेंत याचा अर्थ काय तो सांगा, असें विचारलें. भीतीनें अंगावर कांटा यावा अशी माहिती निघाली. ‘दिवा लागूं दे’ असें आम्ही दिवेवाल्याला सांगत असूं. तेलुगूंत ‘लागु’ म्हणजे ओढ. दिवा लावण्याचा इशारा पडद्याच्या दोरीवर बसलेल्या तेलुगू माणसाच्या कानीं गेला असता तर पडदा मध्येंच हलला असता. दिवेवाल्यानें आणखी एक गोष्ट सांगितली. त्याच्या वडिलांच्या पिढींत दिवा विझविणें असें म्हणणें अशुभ मानीत. ‘चिराग बढ़ाना’ म्हणत, जसें दुकान बंद करण्यास ‘दुकान बढ़ाना’. आम्ही मात्र ‘दिवा वाढव’ म्हणजे उजेड अधिक कर, असें समजून बसलेलों! परंतु यावर हंसावें तोंच मंडळींतल्या एका वयस्क बाईंनीं आठवण दिली कीं, आपणही फुटलेली बांगडी ‘वाढविली’ असेंच म्हणतों, आणि प्रयोगाच्या शुभारंभीं जो नारळ फोडतों तो ‘वाढवितों’. शब्दानें अशुभ ओढवूं नये ही काळजी दोन्ही घरांत सारखीच. ती घेण्याची जागा तेवढी निराळी.

ही हंसण्यावारी नेण्याची गोष्ट आहे असें कोणास वाटेल. इतर गांवीं तसें वाटलें असतें तर आम्हीं हरकत घेतली नसती. परंतु भिवंडीनें १९७० व १९८४ सालीं जे दंगे पाहिले त्यांची आठवण असणाऱ्या माणसाला, अंधारांत अर्धवट ऐकलेल्या शब्दाचें मोल निराळें वाटतें. अफवा म्हणजे तरी काय? चेहरा न दिसणाऱ्या माणसाकडून आलेला इशारा, आणि तो ऐकणारा आपल्या भयाच्या भाषेंत त्याचा अर्थ लावतो. १९८४ नंतर कांहीं वर्षांनीं पोलिस अधिकारी सुरेश खोपडे यांच्या पुढाकारानें गांवांत मोहल्ला समित्या स्थापन झाल्या. निरनिराळ्या वस्त्यांतील सामान्य माणसें नियमितपणें एकत्र बसूं लागलीं, एकमेकांस नांवानें व आवाजानें ओळखूं लागलीं. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्यें शेजारची मुंबई पेटली असतां भिवंडी शांत राहिली. या यशाचें श्रेय नाटकाला देण्याचा वेडगळपणा आम्ही करीत नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, शब्द ऐकण्यापूर्वीं बोलणाऱ्याचा आवाज ओळखीचा असणें ही गोष्ट पडद्याआड जितकी आवश्यक तितकीच गल्लींतही.

दिशांचा प्रश्न शब्दांहून अवघड. ‘उजवीकडून ये’ म्हटलें तर उजवी कोणाची, नटाची कीं प्रेक्षकांची? इंग्रजांनीं प्राँप्टर ज्या अंगाला बसतो ती एक बाजू, व त्याच्या समोरची दुसरी, असा तोडगा काढला. जपान्यांच्या रंगभूमीला वरची बाजू व खालची बाजू आहे. फ्रेंचांची युक्ति सर्वांत मौजेची: पॅरिसमधील त्वीलरीच्या राजवाड्यांतील नाट्यगृहाच्या एका अंगास बाग व दुसऱ्या अंगास चौक होता, म्हणून आज जेथें बागही नाहीं आणि चौकही नाहीं अशा नाट्यगृहांतही ते ‘बागेची बाजू’ व ‘चौकाची बाजू’ असेंच म्हणतात. आमच्या मंडळींत हें फ्रेंच शास्त्र कोणी वाचलेलें नव्हतें. तरीही ‘नदीची बाजू’ आणि ‘बाजाराची बाजू’ हे शब्द आपोआप रूढ झाले होते. तालुक्यांत दुसऱ्या गांवीं प्रयोग असला, आणि तेथें नदी अगदीं उलट दिशेला असली, तरी आमचा नट नदीच्या बाजूनेंच प्रवेश करीत असे. नदी, बाजार हे शब्द चारही भाषांच्या माणसांना कळत. तेव्हां त्यांच्यांत कधीं घोटाळा झाला नाहीं.

वादळाच्या प्रसंगानंतर मंडळींत वाद मात्र झाला. नाट्यशिक्षण घेऊन आलेला तरुण म्हणाला, सगळे इशारे इंग्रजींत द्यावे. आधीं ‘स्टँडबाय’ आणि मग ‘गो’. इंग्रजी सर्वांनाच परकी, म्हणून कोणाच्याही आईच्या भाषेशीं तिची टक्कर नाहीं. या म्हणण्यांत तथ्य होतें. इंग्रजी रंगभूमीवर ‘गो’ हा शब्द प्रत्यक्ष क्रियेच्या क्षणाखेरीज उच्चारावयाचाच नाहीं असा दंडक आहे. फ्रेंच लोक त्याच कामीं ‘टॉप’ हा आखूड शब्द योजतात. आणि पुष्कळ ठिकाणीं शब्द अजिबात वगळून तांबड्या दिव्यानें ‘तयार राहा’ व हिरव्या दिव्यानें ‘करा’ असें सांगतात. दुसऱ्या एका सभासदांनीं, संस्कृतोद्भव मराठी शब्दांची यादीच करून आणिली. ती वाचून अण्णानें विचारलें, “एवढा शब्द पुरा होईपर्यंत पडदा थांबेल का?”

शेवटीं निवड झाली ती एका अशा शब्दाची कीं जो सर्वांच्याच तोंडीं होता आणि म्हणूनच कोणाच्या ध्यानीं येत नव्हता. ‘तयार’. मराठींत तयार, उर्दूंत तैयार, गुजरातींत तैयार, तेलुगूंत ‘तयारु’. कानडींत तो आहे, तमिळांत आहे, आणि समुद्रापलीकडे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वाहिली भाषेंतही ‘तयारी’ म्हणजे सज्ज. भाषाशुद्धीच्या चाळणींत हा शब्द टिकणार नाहीं हें आम्ही जाणतों. परंतु कोशकार त्याची जी व्युत्पत्ति देतात ती पाहिल्यावर त्याला हांकलून द्यावें असें वाटत नाहीं. ‘तय्यार’ म्हणजे उडणारा. पिसें झाडून पुन्हा शिकारीस सिद्ध झालेल्या ससाण्यासाठीं बाज पाळणारांनीं योजिलेला हा शब्द. विंगेच्या कडेला, पहिलें पाऊल उचलून, श्वास रोखून उभ्या असलेल्या नटाला याहून नेमकें विशेषण आम्हांस तरी सुचलें नाहीं.

तेव्हांपासून आमच्याकडे एकच शब्द बोलला जातो. ‘तयार’ म्हटलें कीं ज्याचें त्याचें काम त्यानें हातांत घ्यावयाचें, व प्रत्यक्ष क्षण आला म्हणजे विजेरीची एक लुकलुक. थांबविण्यासाठीं मात्र शब्द ठेविला नाहीं. विजेरीच्या उजेडांत पसरलेला तळवा दाखवावयाचा, हें अण्णानें कारखान्यांतून आणिलें. भरतानें पताका, त्रिपताका अशीं हस्तांचीं नांवें दिलीं, आणि संस्कृत नट त्रिपताक हात आड धरून, माझें बोलणें इतरांनीं ऐकलेलें नाहीं असें समजा, असें प्रेक्षकांना सांगत असे. अण्णाच्या तळव्याचा अर्थ त्याच्या अगदीं उलट आहे. तो चारही भाषांच्या माणसांना एकाच वेळीं कळावा म्हणूनच उचललेला असतो. नव्या नाटकाची तालीम सुरू झाली कीं अण्णा नव्या मुलांना पहिल्या दिवशीं तोच तळवा शिकवितो, आणि ‘चालू’ हा शब्द विंगेंत उच्चारावयाचा नाहीं, असें मराठींत बजावितो.